जुनी न होणारी गाडी : मोठ्या अमेरिकन सेडानच्या दीर्घायुष्याचा इतिहास

१/
१९९९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरातील शेवटची ‘चेकर’ टॅक्सी निवृत्त झाली. तोवर ती जवळजवळ १० लाख मैल, म्हणजे सुमारे १६ लाख किलोमीटर धावली होती. एवढ्या अंतरात पृथ्वीवरून चंद्रावर जाऊन परत येण्याच्या दोन फेऱ्या झाल्या असत्या. ती तयार करणारा कारखाना मात्र १७ वर्षांपूर्वीच गाड्या बनवणे थांबवून बसला होता.

दरवर्षी गाडीचे रूप बदलण्याची प्रथा ज्या देशाने जगाला दिली, त्याच देशात इतकी टिकणारी गाडी कशी जन्मली? आणि ती घेऊन वर्षानुवर्षे वापरणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडले? आजचा धागा याविषयी.

२/
प्रथम आपण कोणत्या गाडीविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करू. अमेरिकेत जिला ‘फुल साइझ’ सेडान म्हणत, ती चार दारांची, लांबरुंद गाडी. पुढे आणि मागे तीन-तीन माणसे बसतील असे सलग बाक, बहुधा व्ही-८ इंजिन, मागच्या चाकांना गती, ऐसपैस डिकी आणि जड चॅसिसवर वेगळी बसवलेली बॉडी. ही श्रीमंतांची चैनीची गाडी नव्हती. कुटुंब, टॅक्सीचालक, पोलीस, फिरते विक्रेते अशा सर्वांची ती कामाची गाडी होती. तिच्या आयुष्याचा इतिहास हा एका अर्थाने ‘वस्तू किती काळ टिकावी, हे कोण ठरवते’ या प्रश्नाचा इतिहास आहे.

३/
सुरुवात हेन्री फोर्डपासून करावी लागते. १९०८ साली आलेली ‘मॉडेल टी’ १९२७ पर्यंत तयार होत राहिली. दीड कोटी गाड्या निघाल्या. या १९ वर्षांत सुधारणा झाल्या, पण मूळ रचना तीच राहिली. फोर्डचा विचार शेतकऱ्याच्या हिशेबासारखा सरळ होता: गाडी साधी असावी, मालकाला ती स्वतः दुरुस्त करता यावी, आणि दरवर्षी ती स्वस्त होत जावी. आरंभी ८५० डॉलरच्या आसपास असलेली किंमत १९२५ पर्यंत सर्वांत साध्या प्रकारासाठी २६० डॉलरवर आली.

४/
पण या यशातच एक अडचण दडलेली होती. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ज्यांना गाडी परवडत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे ती आलेली होती. टिकाऊ जुन्या गाड्या बाजारात सेकंडहँड म्हणून स्वस्तात मिळू लागल्या. नव्या ‘मॉडेल टी’ची खरी स्पर्धा आता जुन्या गाड्यांशी होती. कारखाने तर दिवसाला हजारो गाड्या ओतत होते. ज्याच्याकडे चालती गाडी आहे, त्याला नवी कशी विकायची? अमेरिकन मोटार उद्योगाच्या पुढील अर्धशतकाची दिशा या प्रश्नाने ठरवली.

५/
उत्तर शोधले जनरल मोटर्सने. १९२३ मध्ये अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी शेव्हर्लेपासून कॅडिलॅकपर्यंत किमतींची शिडी उभी केली. माणसाची मिळकत वाढली की त्याने एक पायरी वर चढावे, ही त्यामागील कल्पना. १९१९ पासून कंपनीची स्वतःची कर्जसंस्था होतीच, त्यामुळे हप्त्यांवर खरेदी सोपी झाली. लवकर वाळणाऱ्या नव्या रंगांमुळे काळ्या रंगाची सक्ती संपली. १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या हाताखाली गाडीच्या बाह्यरूपासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी तर १९२९ मध्ये लेख लिहून उघडपणे मांडले की, ग्राहकाला असमाधानी ठेवण्यातच उद्योगाची भरभराट आहे.

६/
येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. ‘कंपन्या मुद्दाम तकलादू गाड्या बनवत’ असे सरसकट विधान इतिहासाला धरून नाही. गाडी मोडावी अशी योजना करण्याची गरजच नव्हती. ती जुनी ‘दिसावी’ एवढे पुरेसे होते. युद्धोत्तर काळात मागच्या मडगार्डांना विमानाच्या शेपटीसारखे पंख फुटले. १९४८ च्या कॅडिलॅकवर ते लहान होते, १९५९ पर्यंत ते कळसाला पोहोचले आणि मग ओसरले. १९५६ ची गाडी १९५९ मध्ये उत्तम चालत असे, पण शेजाऱ्याच्या दारातील नव्या गाडीपुढे ती मागच्या जमान्यातील वाटे. लोखंड शाबूत आणि किंमत उतरलेली, अशी ही अवस्था होती.

७/
या बदलांचा भुर्दंड किती पडत होता? फ्रँकलिन फिशर, झ्वी ग्रिलिकेस आणि कार्ल केसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये त्याचा हिशेब मांडला. १९४९ च्या गाड्याच नव्या तंत्राने बनवत राहिलो असतो तर किती खर्च वाचला असता, असा त्यांचा प्रश्न होता. मोठा आकार, जास्त ताकद, बदलते साचे आणि वाढलेले पेट्रोल यांची बेरीज १९५६ ते १९६० या काळात वर्षाला सुमारे ५ अब्ज डॉलर निघाली. गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा या बदलांपायी जात होता. अर्थात, ग्राहकांना हे बदल हवेच होते का, याचा निवाडा त्यांनी केला नाही. त्यांनी फक्त किंमत सांगितली.

८/
आता मालकाच्या बाजूने पाहू. गाडीच्या खर्चात पेट्रोल आणि दुरुस्ती डोळ्यांना दिसतात. घसारा दिसत नाही, आणि बहुधा तोच मोठा असतो. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने उतरते, नंतर उतार मंदावतो. म्हणून दर तीन वर्षांनी गाडी बदलणारा माणूस हा सर्वांत महागडा टप्पा पुन्हा पुन्हा विकत घेतो. तीच गाडी १० वर्षे ठेवणारा तो एकदाच भरतो.

अमेरिकन सरकारच्या महामार्ग खात्याने मोटार बाळगण्याच्या खर्चाचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत गाडीचे आयुष्य १० वर्षे आणि १ लाख मैल धरले जाई. गंमत अशी की, त्या काळातील बहुतेक अमेरिकन गाड्यांच्या मीटरला मैलांसाठी पाचच आकडे होते. ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येई. त्यापुढचे आयुष्य कारखान्याच्या हिशेबातच नव्हते.

९/
या प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस म्हणजे मॉरिस मार्किन. रशियातील स्मोलेन्स्ककडचा हा ज्यू स्थलांतरित शिकागोमध्ये कपडे शिवण्याच्या धंद्यात स्थिरावला. टॅक्सीच्या बॉडी बनवणाऱ्या एका कारखानदाराला त्याने १५ हजार डॉलर कर्जाऊ दिले, आणि ते बुडू नयेत म्हणून तो स्वतःच त्या धंद्यात ओढला गेला. १९२२ मध्ये ‘चेकर कॅब मॅन्युफॅक्चरिंग’ उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिचे बिऱ्हाड मिशिगनमधील कॅलमझू येथे गेले.

१०/
मार्किनचे वेगळेपण असे की तो टॅक्सी बनवत होता आणि टॅक्सी चालवतही होता. शिकागो, न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, मिनियापोलिस येथील टॅक्सी कंपन्यांवर त्याचे नियंत्रण होते. याचा अर्थ काय होतो पाहा. डेट्रॉइटच्या कारखानदाराची गाडी तिसऱ्या वर्षी बंद पडली तर खर्च ग्राहकाचा. मार्किनची गाडी बंद पडली तर दुरुस्तीचे बिल, बुडालेले भाडे आणि उभी राहिलेली गाडी हे सारे त्याच्याच वहीत चढे. टिकाऊपणा हा त्याच्यासाठी सद्गुण नव्हता, तो नफ्याचा भाग होता.

११/
तथापि त्याला संत ठरवण्याची घाई नको. या टॅक्सी कंपन्यांना फक्त चेकरच्याच गाड्या, त्याही बाजारभावापेक्षा चढ्या दराने घ्यायला लावतात, असा आरोप करून अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध यलो कॅब कंपनी’ हे प्रकरण १९४७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. सरकारची फिर्याद चालवण्याजोगी आहे असे तेव्हा ठरले. पण पुढे सुनावणीत सरकार हरले आणि १९४९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आपल्या विषयासाठी यातून एक गोष्ट घ्यावी: टिकाऊ गाडी मोकळ्या बाजारातील ग्राहकाच्या मागणीतून आली नाही, एका बंदिस्त व्यवस्थेतून आली.

१२/
१९५६ मध्ये चेकरने जी नवी टॅक्सी काढली, तिचे रूप १९८२ पर्यंत जवळजवळ तसेच राहिले. पुढच्या-मागच्या चाकांत १२० इंचांचे अंतर, जाड चॅसिस, उंच छप्पर, मागच्या बाजूला पाय पसरता येतील इतकी सपाट जागा आणि तिथेच घडी करून ठेवता येणाऱ्या दोन जादा बैठका. मडगार्ड बोल्टांनी जोडलेली असत. गर्दीत ठोकर बसली तर खराब मडगार्ड उतरवून दुसरे बसवायचे आणि गाडी संध्याकाळच्या पाळीला हजर करायची. २० वर्षांपूर्वीच्या गाडीचे दार आजच्या गाडीला बसते, हे टॅक्सी कंपनीच्या गोदामासाठी केवढे वरदान होते याची कल्पना करा.

१३/
१९६० च्या सुमारास चेकरने हीच गाडी सामान्य ग्राहकांनाही विकायला काढली. पुढे ती ‘मॅरॅथॉन’ या नावाने ओळखली गेली, आणि नावाला ती जागली. दरवर्षी रूप बदलत नाही, ही गोष्टच तिच्या विक्रीचा मुद्दा होती. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तिच्यात शेव्हर्लेची इंजिने बसू लागली. त्यामुळे कॅलमझूच्या त्या छोट्या कंपनीच्या गाडीला देशातील कोणत्याही गावी सुटे भाग मिळू लागले.

तरीही तिची विक्री भरभराटीच्या वर्षातही ८ हजारांच्या आसपासच राहिली. डेट्रॉइटच्या लाखांच्या आकड्यांपुढे हे काहीच नव्हते. टिकाऊपणाची स्तुती सगळेच करत. पैसे मोजायची वेळ आली की बहुतेक जण नव्या रूपाची गाडी घेत. शिवाय चेकरलाही गंज चढत असेच. हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलेले मीठ लोखंडात भेदभाव करत नाही.

१४/
मग १९७३ चा ऑक्टोबर उजाडला. अरब राष्ट्रांनी तेलबंदी पुकारली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या गाड्यांनी सरासरी किती मायलेज द्यावे हे ठरवून दिले: १९७८ साठी गॅलनला १८ मैल, १९८५ साठी २७.५ मैल. मोठ्या सेडानच्या मुळावर हा घाव होता. जनरल मोटर्सने १९७७ मध्येच आपल्या मोठ्या गाड्या आखूड आणि हलक्या केल्या. चेकरकडे नवी गाडी घडवण्याएवढे भांडवल नव्हते, साचे झिजले होते, आणि मोठ्या कंपन्या टॅक्सीवाल्यांना ठोक सवलतीत गाड्या देत होत्या. १२ जुलै १९८२ रोजी शेवटची चेकर बाहेर पडली. त्यानंतर कंपनी इतर कारखान्यांसाठी सुटे भाग बनवत राहिली आणि २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली.

१५/
पण कथा येथे संपत नाही. १९७९ च्या मॉडेलसाठी फोर्डने ‘पँथर’ नावाचा नवा सांगाडा आणला होता. त्यावर फोर्ड, मर्क्युरी आणि लिंकन या तिन्ही नावांच्या मोठ्या सेडान उभ्या राहिल्या. पुढे जगप्रसिद्ध झालेली ‘क्राउन व्हिक्टोरिया’ यांपैकीच. लोखंड वाचवण्यासाठी बहुतेक कंपन्या या काळात चॅसिस सोडून एकसंध बॉडीकडे आणि पुढच्या चाकांच्या गतीकडे वळत होत्या. पँथरही लवकरच जाईल असा सर्वांचा कयास होता. प्रत्यक्षात तो ३० वर्षांहून अधिक काळ टिकला. ही अस्सल ‘अमेरिकन’ गाडी शेवटची अनेक वर्षे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, सेंट टॉमसच्या कारखान्यात बनत होती, हेही नोंदवून ठेवावे.

१६/
ती टिकली, कारण तिला पुन्हा एकदा हिशेब ठेवणारा ग्राहक मिळाला. १९९६ मध्ये शेव्हर्लेने आपली मोठी ‘कॅप्रिस’ बंद केली. तिचा कारखाना अधिक नफा देणाऱ्या एसयूव्हींकडे वळवण्यात आला. पोलीस खात्यांना मागच्या चाकांची, व्ही-८ इंजिनाची, प्रशस्त सेडान देणारा फोर्ड हा जवळपास एकटाच उरला. पोलिसांची गाडी तासन्तास इंजिन सुरू ठेवून उभी असते, मग अचानक सुसाट पळते, फुटपाथवर चढते, ठोकरते. अशा वापराला वेगळी चॅसिस आणि सहज बदलता येणारे भाग कामी येतात.

१९९० च्या दशकात या गाडीत आलेले ४.६ लिटरचे इंजिन फोर्डच्या पिकअप ट्रकमध्ये आणि ‘मस्टँग’मध्येही होते. त्यामुळे भाग स्वस्त, आणि ते जाणणारे मेकॅनिक गावोगावी.

१७/
येथून एक विलक्षण साखळी तयार झाली. पोलीस खाते गाडी नवी घेई, काही वर्षे वापरून लिलावात काढी. तेव्हा तिचा घसारा बहुतांश सरलेला असे. अनेक शहरांत टॅक्सीवाले ती उचलत. त्यांच्याकडून उतरलेली गाडी कधी विद्यार्थ्याकडे, कधी छोट्या कारागिराकडे जाई. सुमारे ५८० लिटरची डिकी, सहा माणसांची जागा आणि शेजारच्या भंगार-अड्ड्यावर हवा तो सुटा भाग! एकाच गाडीला तीन जन्म मिळत, आणि प्रत्येक जन्मात तिची किंमत कमी पण उपयोग जवळजवळ तेवढाच असे. मोठी व्यावहारिक सेडान दीर्घकाळ बाळगण्याचे मूल्य म्हणतात ते हेच. त्याचा सर्वाधिक लाभ पहिल्या मालकाला झाला नाही, दुसऱ्या-तिसऱ्याला झाला.

१८/
आता दुसरी बाजू. १९९६ नंतरच्या काही वर्षांत या इंजिनावरील प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड तडकून कूलंट गळू लागला. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि कंपनीला हमीची मुदत वाढवावी लागली. त्याहून गंभीर गोष्ट पेट्रोलच्या टाकीची. ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे होती. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या पोलीस गाडीवर मागून भरधाव वाहन आदळून आग लागल्याच्या घटना घडल्या आणि त्यांत अधिकारी मृत्युमुखी पडले. २००२ मध्ये फोर्डने पोलीस गाड्यांसाठी संरक्षक आवरणे देऊ केली. जुनी रचना सिद्ध झालेली असते हे खरे; पण तिच्यातील जुने दोषही तिच्याबरोबर दीर्घायुषी होतात.

१९/
आणि पेट्रोल. क्राउन व्हिक्टोरियाचे शहरातील अधिकृत मायलेज गॅलनला १६ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ७ किलोमीटर. वर्षाला १२ हजार मैल चालवणाऱ्याला ७५० गॅलन लागत. दुप्पट मायलेज देणारी छोटी गाडी ३७५ गॅलनवर भागवी. ३ डॉलर दराने हा फरक वर्षाला ११२५ डॉलरचा. म्हणजे जुन्या गाडीने वाचवलेला घसारा पेट्रोलच्या टाकीतून हळूहळू गळून जाऊ शकतो. कमी फिरणाऱ्याला मोठी जुनी सेडान परवडे. दिवसभर फिरणाऱ्या टॅक्सीला पेट्रोल महागले की ती जड जाई.

न्यूयॉर्कने २००७ नंतर टॅक्सींना हायब्रिड करण्याचा प्रयत्न केला तो याच कारणाने, शिवाय धुरासाठी. टॅक्सीमालक न्यायालयात गेले. मायलेजचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, शहराचा नाही, असा निकाल लागला आणि क्राउन व्हिक्टोरियाला आणखी काही वर्षांची मुदत मिळाली.

२०/
अमेरिकन सेडानच्या दीर्घायुष्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र अमेरिकेबाहेरचे आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबात अमेरिकन गाड्या येणे थांबले आणि १९६२ च्या व्यापारबंदीने दार पूर्ण बंद झाले. पुढची पाच दशके त्याच शेव्हर्ले, प्लिमथ, ब्यूक तेथे धावत राहिल्या. त्यांना ‘अल्मेंद्रोन’, म्हणजे मोठा बदाम, हे लाडके नाव पडले. बॉनेटखाली सोव्हिएत बनावटीची किंवा डिझेल इंजिने बसवली गेली, भाग हाताने घडवले गेले. २०११ पर्यंत तेथील कायद्याने साधारणपणे क्रांतीपूर्व गाड्यांचीच मोकळी खरेदी-विक्री करता येत असे. त्यामुळे आजोबांची गाडी हीच नातवाची मिळकत ठरली.

या चित्रात रम्यता शोधणाऱ्या पर्यटकाने हे विसरू नये की, ही काटकसर निवडलेली नव्हती, लादलेली होती.

२१/
मुंबईचाही या इतिहासाशी धागा जुळतो. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ स्थापन केली आणि १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लर समूहाच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्यांची जुळणी सुरू झाली. १९५३ च्या सरकारी धोरणाने केवळ परदेशी भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना थारा उरला नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियरने छोट्या फियाटचा मार्ग धरला. आयात आटली तरी त्या लांबरुंद अमेरिकन गाड्या १९६० च्या दशकातही मुंबईत टॅक्सी म्हणून दिसत. येथेही त्यांना जगवले ते नव्या गाडीच्या दुर्मिळतेने आणि मिस्त्रींच्या हातांनी.

२२/
‘जुन्या गाड्यांचे लोखंड पाहा, आताच्या गाड्या म्हणजे डबे!’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने त्याची परीक्षाच घेतली. १९५९ ची शेव्हर्ले ‘बेल एअर’ आणि २००९ ची शेव्हर्ले ‘मॅलिबू’ समोरासमोर धडकवल्या. जुन्या गाडीची प्रवाशांची जागा चेपून गेली. चालकाच्या जागी खरा माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीतल्या चालकाला पायाची किरकोळ इजा झाली असती. १९६६ चा सुरक्षा कायदा, सीटबेल्ट, एअरबॅग आणि धडक शोषून घेणारी रचना यांचा हा परिणाम. म्हणून ‘किती वर्षे टिकली’ याच्याजोडीला ‘कोणाला वाचवले’ हाही प्रश्न हिशेबात हवा.

२३/
१५ सप्टेंबर २०११ रोजी सेंट टॉमसचा कारखाना बंद झाला. तेथून निघालेली शेवटची क्राउन व्हिक्टोरिया सौदी अरेबियाला पाठवायची होती. पोलीस खाती हळूहळू एसयूव्हींकडे वळली. यामागे १९७५ च्या कायद्याचीच एक फट होती: ट्रक-वर्गातील वाहनांना मायलेजचे नियम सौम्य होते, आणि एसयूव्ही त्या वर्गात मोडत. मोठी गाडी कायद्याने मेली नाही. तिने रूप बदलले आणि ती उंच झाली. २०२० मध्ये शेव्हर्ले ‘इंपाला’ आणि २०२३ च्या अखेरीस ‘क्रायस्लर ३००’ बंद झाली. मोठ्या अमेरिकन सेडानचा वंश जवळजवळ संपला.

२४/
आणि तरीही एका अर्थाने मार्किनचा विचार जिंकला. अमेरिकेच्या रस्त्यांवरील वाहनांचे सरासरी वय २०२४ मध्ये साडेबारा वर्षांहून अधिक झाले होते. १ लाख मैलांवर शून्य होणारे मीटर इतिहासजमा झाले. गंजरोधक पत्रे, अचूक इंजिने आणि चांगली वंगणे यांनी साध्या गाडीलाही ते आयुष्य दिले, जे एके काळी चेकरचे वैशिष्ट्य होते. नव्या गाड्यांच्या किमतींनीही लोकांना जुनी सांभाळायला भाग पाडले. फरक एवढाच की, आजची गाडी टिकते, पण तिचे मडगार्ड बोल्ट काढून दारात बदलता येत नाही, आणि तिचा बिघाड शोधायला संगणक लागतो. टिकण्याची शक्ती वाढली. मालकाच्या हातातली दुरुस्ती कमी झाली.

२५/
समारोप. या शंभर वर्षांकडे पाहिल्यावर एक सूत्र दिसते. एकाच देशाने, एकाच प्रकारच्या लोखंडापासून, एकाच काळात तीन वर्षांत जुनी वाटणारी गाडीही बनवली आणि तीस वर्षे न बदलणारी गाडीही. दोहोंतला फरक अभियंत्यांच्या कौशल्याचा नव्हता. जिथे बिघाडाचा खर्च बनवणाऱ्याच्या किंवा चोख हिशेब ठेवणाऱ्या ठोक ग्राहकाच्या अंगावर पडत होता, तिथे गाडी टिकाऊ झाली. जिथे तो एकट्या-दुकट्या ग्राहकावर ढकलता येत होता, तिथे पंख वाढले.

आज फोन, लॅपटॉप, वीजगाड्या यांच्या दुरुस्तीच्या हक्काबद्दल जगभर वाद चालू आहेत. त्यांत कुठल्याही वस्तूविषयी पहिला प्रश्न तोच विचारावा, जो मार्किनच्या वहीने विचारला होता: ही बंद पडली, तर बिल कोण भरणार?

धागा समाप्त. आपल्या घरी किंवा गावात एखादी जुनी गाडी अजून चालत असेल, तर तिला कोणी आणि कशी जगवली ते खाली अवश्य लिहा. अशा नोंदीही इतिहासाचीच साधने असतात.